सायकलने परदेशी जायचं तर : तयारीचा थोडा इतिहास

टॉमस स्टीव्हन्स २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, तेव्हा त्याच्याजवळ मोजे, एक जादा शर्ट, तंबू आणि अंथरूण म्हणूनही वापरता येईल असा रेनकोट आणि एक लहान रिव्हॉल्व्हर एवढंच सामान होतं. सायकल त्या काळची, पुढचं चाक पन्नास इंची आणि मागचं टीचभर. टायर भरीव रबराचे, गिअर नाहीत. तिच्यावर बसून, आणि जिथे बसता येईना तिथे ती ढकलत, तो ४ ऑगस्टला बॉस्टनला पोचला. पुढच्या वर्षी बोटीने इंग्लंडला गेला, तिथून युरोप ओलांडून कॉन्स्टँटिनोपलला आणि हिवाळ्याच्या तोंडाशी तेहरानला. डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला त्याची फेरी संपली. सायकलवरून जगप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस.

त्याच्या प्रवासाबद्दल वाचताना माझं लक्ष एका आडवळणाकडे गेलं. इराणातून अफगाणिस्तान ओलांडायचं आणि खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात यायचं, असा त्याचा बेत होता. अफगाण हद्दीत शिरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला धरलं, हेरातला नेलं आणि परत इराणात आणून सोडलं. मग हा गृहस्थ उलटा फिरला. कॉकेशसमार्गे पुन्हा कॉन्स्टँटिनोपल, सुएझमधून बोटीने कराची, आगगाडीने लाहोर, आणि लाहोरपासून ग्रँड ट्रंक रोडने सायकलवर थेट कलकत्ता. वाळवंट, डोंगर, बर्फ, दगडगोटे यांतलं काहीही त्याला अडवू शकलं नाही. अडवलं ते परवानगीने.

गेले आठ महिने ही गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे, कारण आम्ही चौघी जणी जूनच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर जायचं ठरवतो आहोत. चौघीही आपल्या १९९४ च्या दहावीच्या बॅचच्या. ग्रुपवर हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरचे विनोदही करून झाले आहेत. स्मरणिका समितीने मला प्रवासवर्णन मागितलं होतं. पण प्रवास अजून व्हायचा आहे, त्यामुळे आहे ते देते : तयारी, आणि ती करता करता वाचनात आलेला तयारीचा इतिहास. माझं काम सॉफ्टवेअरचं. एखादी गोष्ट आज अशी का आहे हे समजून घ्यायचं तर ती आधी कशी होती ते बघायचं, ही त्या कामाने लावलेली सवय.

स्टीव्हन्ससारखे एकांडे वीर बाजूला ठेवले, तर सामान्य माणसाला सायकलवरून लांब जाता यावं ही सोय केली ती क्लबांनी. ५ ऑगस्ट १८७८ रोजी इंग्लंडमधल्या हॅरोगेट इथे बायसिकल टूरिंग क्लब स्थापन झाला. १८८३ मध्ये तो सायकलिस्ट्स टूरिंग क्लब झाला. शर्यती लावणं हे त्याचं काम नव्हतं. कोणत्या गावात कोणती खाणावळ सायकलवाल्यांना बरी वागवते, कोणत्या घाटाचा उतार धोक्याचा आहे, कुठे दुरुस्ती होते, ही माहिती गोळा करून छापणं हे त्याचं काम. मान्य केलेल्या खाणावळीच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची पाटी लागे आणि सदस्यांना तिथे ठरलेल्या दरात जेवण-खोली मिळे. जीवघेण्या उतारांच्या माथ्यावर क्लबने इशाऱ्याचे फलक उभे केले. उंच सायकलच्या दिवसांत उतारावर तोल गेला की माणूस हँडलवरून डोक्यावरच पडे, त्यामुळे हे फलक काही शोभेचे नव्हते. गावोगावी, पुढे परदेशांतही, क्लबचे मानद प्रतिनिधी असत. त्यांना ‘कॉन्सल’ म्हणत. नवख्या प्रवाशाने त्यांच्याकडे जायचं आणि पुढच्या रस्त्याची चौकशी करायची.

१८९९ मध्ये या क्लबचे सदस्य साठ हजारांवर गेले होते. एवढ्या लोकांनी आपापल्या भागाची खबर कळवायची, कोणीतरी ती तपासून पुस्तकात घालायची आणि दरवर्षी सुधारून पुन्हा छापायची. आज आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ता बघतो, तेव्हा हेच चाललेलं असतं, फक्त कागद गेला. आमच्या कंपनीत ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द कोणी नव्याने शोधून काढल्यासारखा वापरला की मला आता हॅरोगेट आठवतं.

इतर देशांतही तसंच झालं. नेदरलँड्समधला सायकलवाल्यांचा संघ १८८३ चा. पुढे त्यानेच रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावायला घेतल्या, आणि १९१९ पासून त्यांचे अळंबीच्या आकाराचे बुटके खांब वाटेवर दिसू लागले. सायकलवरून वाचता यावेत म्हणून ते बुटके. इटलीत १८९४ मध्ये ५७ सायकलस्वारांनी मिलानमध्ये क्लब काढला. त्याचा पुढे टूरिंग क्लब इतालियानो झाला, आणि त्याने साऱ्या इटलीचा अडीच लाखास एक या प्रमाणाचा नकाशा छापला. सायकल फिरवायला निघालेली माणसं देशाचा नकाशा करून मोकळी होतात हे मला फार आवडतं. सहलीला म्हणून जमायचं आणि येताना जमिनीची मोजणी करून यायचं, असला प्रकार.

मग आली सरहद्द. परदेशात सायकल नेली की जकात खातं विचारणार : विकायला आणली आहे का? नसेल तर अनामत भरा, परत जाताना मिळेल. दर नाक्यावर हे केलं तर सहल कसली होणार? क्लबांनी आपल्या सदस्यांची हमी घ्यायची आणि जकात खात्याने सदस्यपत्र पाहून सायकल सोडायची, अशी व्यवस्था हळूहळू बसली. १८९८ मध्ये लक्झेंबर्गमध्ये १७ क्लबांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तिचंच पुढे अलियान्स इंतरनासिओनाल द तुरिझ्म झालं. लक्झेंबर्गचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

या सगळ्या सोयी बायकांना सारख्या मिळत होत्या का? सदस्यत्व मिळत होतं. पण लेडी हार्बर्टन यांची गोष्ट बघा. ऑक्टोबर १८९८ मध्ये पंचावन्न वर्षांच्या या बाई सरे परगण्यातल्या ऑकमच्या हॉटबॉय हॉटेलात सायकलवरून आल्या. अंगावर सायकलसाठी शिवलेला पायजम्यासारखा घोळदार पोशाख. मालकिणीने त्यांना कॉफी-रूममध्ये बसवून घ्यायला नकार दिला आणि पुरुषांच्या बारच्या बाजूची खोली दाखवली. हॉटेलवर क्लबची पाटी होती. क्लबने त्यांच्या वतीने खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरला. बारची खोली दिली होती ना, मग सोय नाकारली असं होत नाही, असा निकाल. आपल्याला शाळेत सायकल चालवण्यासाठी स्कर्टऐवजी सलवार-कमीज मिळावी म्हणून किती वर्षं लागली, ते ज्या मुलींनी तो अर्ज लिहिला होता त्यांना आठवत असेल. बाईंनी तो अर्ज चार वेळा शुद्धलेखनासाठी परत दिला होता.

ॲनी कोपचोव्स्की बॉस्टनची. जून १८९४ मध्ये ती जगाच्या फेरीला निघाली, तेव्हा घरी नवरा आणि तीन लहान मुलं होती. शंभर डॉलर घेऊन तिने लंडनडेरी या पाण्याच्या कंपनीचं नाव लावलं, आणि ॲनी लंडनडेरी म्हणूनच ती प्रसिद्ध झाली. प्रायोजक मिळवणं हाही तयारीचाच भाग, आणि ती त्यात आपल्या काळाच्या बरीच पुढे होती. सुरुवातीची सायकल १९ किलोंची. शिकागोला तिने ती बदलून जवळपास निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली. जगाचा बराचसा भाग तिने बोटीने पार केला आणि सांगितलेल्या गोष्टींत तिखटमीठही भरपूर होतं. त्याबद्दल मला तिचा राग येत नाही. फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती विल्यम यांचा प्रकार वेगळा. १८९७ पासून त्यांनी कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत हिंदुस्थान सायकलवर पालथा घातला. मुक्काम डाकबंगल्यात, नाहीतर स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये. काट्यांनी एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर झाल्याचं सांगतात. त्यांच्या १९०४ च्या पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. पैसा आणि गोरा रंग, या दोन्ही गोष्टींनी त्यांची वाट किती सोपी केली हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आता मुंबईकडे. हे प्रकरण मला वाचनात फार उशिरा भेटलं. शाळेच्या पाठ्यपुस्तकात ते असायला हवं होतं असं वाटत राहिलं.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे. काही वर्षांपूर्वी ओव्हल मैदानावर एका फ्रेंच माणसाचं भाषण झालं होतं. तो युरोपातून हिंदुस्थानापर्यंत पायी आला होता. हा पायी येऊ शकतो तर आपण सायकलने का जाऊ नये, असा तो हिशेब. पंजाब, बलुचिस्तान, इराण, मग बगदाद आणि पुढे सीरियाचं वाळवंट. त्यानंतर इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, इंडोचायना, सयाम, ब्रह्मदेश. हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परतले. साडेचार वर्षं आणि ४४ हजार मैल. कापडिया तेहरानहून घरी परतले होते, पोचखानावाला नंतर कधीतरी, आणि हाथीराम अमेरिकेतच राहिले. तिघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक १९३१ मध्ये निघालं. त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

वीरकथा म्हणून हे वाचून आपण थक्क होतो आणि पुस्तक मिटतो. मी तयारीच्या बाजूने बघायचा प्रयत्न केला. १९२३ साल म्हणजे पहिलं महायुद्ध संपून पाच वर्षं. युद्धापूर्वी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्ट न दाखवता जाता येई. युद्धात सगळ्यांनी दारं लावून घेतली आणि युद्ध संपल्यावर ती पूर्वीसारखी उघडलीच नाहीत. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली, ती पासपोर्ट बंद करण्यासाठी नव्हे, सगळ्यांचे पासपोर्ट एका नमुन्याचे करण्यासाठी. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा झाला. म्हणजे स्टीव्हन्सला एका अफगाणिस्तानने अडवलं, तर या सहा जणांच्या वाटेवर प्रत्येक देश हा एक नाका होता. आणि ते स्वतंत्र देशाचे नागरिकही नव्हते. पाचशे किलोचं वजन उचलण्याचा सराव केलेली नसली, तरी शरीर कमावलेली ही मुलं. त्यांना पॅडलची भीती नव्हती. पण तेहरान, बगदाद, कैरो इथल्या कचेऱ्यांच्या बाकांवर त्यांचे किती दिवस गेले असतील, याचा विचार व्हिसाचा फॉर्म भरलेला माणूसच करू शकेल.

हे एकटे नव्हते. १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर निघाले. त्यांना वाटेत गुस्ताव्ह झ्टाव्यानिक हा ऑस्ट्रियन जोडीदार मिळाला. दोघांनी सहारा ओलांडलं, दक्षिण अमेरिकेतून गेले. सात वर्षं. पुढे १९३३ मध्ये केकी खारास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तिघे निघाले आणि १९४२ मध्ये परतले. मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. मुंबईच्या एका छोट्या समाजातून वीस वर्षांत हे तीन चमू. एकाने जाऊन यावं, त्याने दुसऱ्याला वाट सांगावी, असं काहीतरी त्यात असणारच.

तयारीचा विषय निघाला की मी ज्या बाईचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही, त्या डर्व्हला मर्फी. आयर्लंडमधल्या लिझमोर गावच्या. १९४१ मध्ये दहाव्या वाढदिवसाला त्यांना एक जुनी सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक भेट मिळालं. काही दिवसांनी गावाजवळच्या चढावर पॅडल मारताना त्यांच्या मनात आलं की असेच पाय फिरत राहिले तर आपण हिंदुस्थानापर्यंत जाऊ. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण मोठी माणसं हसली असती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं करायला घरात कोणीतरी हवं होतं. १९६२ मध्ये आई गेली. जानेवारी १९६३ मध्ये, युरोपातल्या कित्येक वर्षांतल्या सर्वांत कडक थंडीत, एकतीस वर्षांच्या डर्व्हला मर्फी डंकर्कहून सायकलवर निघाल्या आणि जुलैमध्ये दिल्लीला पोचल्या. नंतर धरमशालेला तिबेटी निर्वासित मुलांच्या छावणीत काम केलं.

त्यांची तयारी अभ्यासण्यासारखी आहे. आर्मस्ट्राँग कॅडेट जातीची साधी सायकल, नाव रॉझ. तिचे तीन गिअर त्यांनी काढून टाकले, कारण आशियातल्या रस्त्यांवर ती नाजूक यंत्रणा टिकणार नाही आणि बिघडली तर दुरुस्त करणारा मिळणार नाही. वाटेवरच्या ब्रिटिश वकिलातींच्या पत्त्यांवर सुटे टायर आधीच पाठवून ठेवले. पिस्तूल घेतलं आणि चालवायला शिकल्या. युगोस्लाव्हियात लांडग्यांनी गाठल्यावर ते उपयोगी पडलं. जे बिघडू शकतं ते आधीच काढून टाकायचं, हा विचार मला इंजिनिअर म्हणून पटतो. वालचंदला मशीन डिझाइनच्या तासाला सर हेच सांगायचे, फक्त त्यात लांडगे नसायचे.

पण खरी तयारी ती एकवीस वर्षं. निघायची इच्छा दहाव्या वर्षी झाली आणि निघणं एकतिसाव्या वर्षी. मधली सतरा वर्षं आईचं आजारपण. या बाई नंतर जगभर फिरल्या, पाच वर्षांच्या मुलीला घेऊन कूर्गलाही राहून गेल्या, नव्वदीपर्यंत जगल्या. बहुतेक लेखांत त्यांच्या धाडसाबद्दल पुष्कळ असतं आणि त्या सतरा वर्षांबद्दल एखादं वाक्य. मला उलट वाटतं. थंडी, लांडगे, डोंगर या गोष्टींना उपाय असतो. घरातून कोणी हलायचं आणि कोणी हलायचं नाही, याला नकाशा नाही.

आमच्या चौघींतली एक गेली सहा वर्षं आपल्या आईला सांभाळते आहे. अर्धांगवायू. भाऊ परदेशात, पैसे पाठवतो. तिच्या आईंना तुमच्यापैकी पुष्कळ जण ओळखतात. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या घरी अभ्यासाला बसलेल्यांनी त्यांच्या हातचे दडपे पोहे खाल्ले आहेत. हे लिहिण्याआधी मी दोघींनाही विचारलं आहे. त्याबद्दल शेवटी सांगते.

आमचा रस्ता सोपा आहे, तो तसा कसा झाला हेही सांगायला हवं. पूर्वी डॅन्यूबमधून प्रवाहाविरुद्ध नावा न्यायच्या तर काठावरून घोडे दोर लावून त्या ओढत. मीठ, धान्य, वाईन, सगळं असंच वर जाई. त्या घोड्यांसाठी काठाला लागून वाट ठेवलेली होती. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटी आल्या, घोडे गेले, वाट राहिली. १९८० च्या दशकात तीच वाट सायकलमार्ग म्हणून दुरुस्त केली गेली, आणि आज ती अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या लांबलचक मार्गाचा एक तुकडा आहे. घोड्यांना चढ नको होता, म्हणून आम्हालाही चढ नाही. पासाऊ ते व्हिएन्ना सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, आणि तेवढ्यात नदी साधारण दीडशे मीटर खाली उतरते. हरिपूरच्या रस्त्याला जेवढा दम लागायचा तेवढाही लागू नये.

याच्या उलट पद्धत अमेरिकेची. तिथे १९७६ मध्ये देशाच्या द्विशताब्दीला काही सायकलवेड्यांनी ऑरेगनमधल्या अस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत सव्वाचार हजार मैलांचा मार्ग आखला. नवा रस्ता बांधला नाही. होते ते आडरस्ते निवडले, नकाशे छापले, आणि त्या उन्हाळ्यात चार हजारांच्या आसपास माणसं त्यावरून गेली. पुन्हा तेच, हॅरोगेटचंच काम.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्यांचा संगम आहे. नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या पातळीच्या खुणा आहेत. जून २०१३ मध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरवर गेलं, पाचशे वर्षांतली सर्वांत वरची पातळी. आपल्या आयर्विन पुलावर २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा कोणाच्या घरात कुठवर आलं होतं हे सांगलीत कोणालाही विचारा, बोटाने भिंतीवर दाखवतील. पासाऊच्या भिंतीचा फोटो बघून आमच्यातली एक म्हणाली, “हे लोक आपल्यातलेच आहेत गं.” पण जूनमध्ये पूर येतो ही माहिती म्हणून महत्त्वाची. म्हणून दुसरा पर्याय तयार ठेवला आहे, आगगाडीचा.

मुक्काम असे : पासाऊ, श्लोगेन, लिंत्स, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न, व्हिएन्ना. रोज चाळीस ते साठ किलोमीटर. सायकली पासाऊला भाड्याने घ्यायच्या आणि व्हिएन्नाला परत द्यायच्या. बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोचवणारे लोक आहेत, त्यामुळे सायकलवर फक्त पाणी, रेनकोट आणि खाकरे. बॅटरीची सायकल घ्यायची की साधी, यावर दोन-दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजू कडव्या आहेत. लिंत्सच्या पुढे नदीच्या डाव्या हाताला माउटहाउझेन लागतं. १९३८ ते १९४५ या काळात तिथे नाझींची छळछावणी होती. दगडाच्या खाणीतल्या १८६ पायऱ्यांवरून कैद्यांना धोंडे घेऊन चढायला लावत. सहलीच्या वाटेत हे कशाला, असा प्रश्न आला. मी म्हटलं, सायकलवरून तिथून जायचं आणि वळायचं नाही हे मला जमणार नाही. ग्राइनला पोचायला त्या दिवशी उशीर होईल, एवढंच.

आणि आता लक्झेंबर्ग. १४ जून १९८५ रोजी मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी एका करारावर सह्या केल्या. बोट ज्या खेड्याजवळ होती त्याचं नाव शेंगेन, लक्झेंबर्गच्या टोकाला. जिथे १७ क्लबांनी सरहद्दीवरचा जाच कमी करायला संघटना काढली, त्याच छोट्या देशात ८७ वर्षांनी सरहद्दीवरची तपासणीच उठवायचं ठरलं. त्यामुळे पासाऊहून निघाल्यावर जर्मनी संपून ऑस्ट्रिया कुठे सुरू झाला हे एरवी पाटी वाचून कळतं.

हा झाला आतल्यांचा हिशेब. आपल्याला आत शिरायला त्याच खेड्याच्या नावाचा व्हिसा लागतो. जास्त रात्री ज्या देशात त्या देशाकडे अर्ज. सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. तीस हजार युरोंचा विमा. बँकेची पत्रकं, आणि राहण्याची सोय कुठे कुठे आहे याचा पुरावा. सायकल-सहलीची सारी मजा, दमलो की थांबू, गाव आवडलं तर राहू, या वाक्यात आहे. आमच्या गाडगीळ-जोशी-शेख-पाटील आडनावांच्या चार पासपोर्टांना ते वाक्य लागू नाही. कोणत्या रात्री कुठे निजणार हे आम्ही मुंबईत कागदावर लिहून देणार, मग सायकलला हात लावणार. माझा युरोपातला सहकारी हीच सहल एका गुरुवारी ठरवून शुक्रवारी निघाला होता. त्याच्यावर माझा राग नाही. पण आमची तयारी आठ महिन्यांची का आहे, याचं उत्तर गुडघ्यांत नाही, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

म्हणून मी एक तक्ता केला आहे. उभ्या ओळीत रात्री. पहिल्या रकान्यात गाव, दुसऱ्यात अंतर, तिसऱ्यात हॉटेल आणि बुकिंग रद्द करायची शेवटची तारीख. चारही नावं प्रत्येक बुकिंगमध्ये आहेत, चौथीचंही. ती तीनदा म्हणाली की माझं नाव काढ. तेव्हा आम्ही तक्त्यात चौथा रकाना वाढवला : सांगली. विमानाचे दिवस धरून एकूण अकरा रात्री. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी आहेत आणि त्या यायला तयार आहेत. रात्री मात्र घरचं म्हणावं असं कोणीतरी लागतं, औषध वेळेवर द्यायला, कूस बदलायला, आणि झोप येत नसेल तर बोलायला. आईंना ओळखीचा आवाज हवा असतो. त्यांनी स्वतःच दोन नावं सुचवली आहेत. त्या दोघांनी होकार दिला आहे आणि मिळून चार रात्री भरल्या आहेत. आपल्या बॅचमधल्या, सांगली-मिरज-कुपवाडला राहणाऱ्या किंवा त्या आठवड्यात येऊ शकणाऱ्या ज्या कोणाला एखादी रात्र घेता येईल, त्यांनी मला स्नेहमेळाव्यात भेटावं किंवा ग्रुपवर कळवावं. सात रात्री अजून मोकळ्या आहेत.